चौथी लाइन

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी तिसरीत होतो. दगडमातीचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, वडलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आजोबा आत होते, ते गेले. वडील गवंडी होते. किल्लारीच्या अंगाला आमच्या आसपासच्या गावांत जी माळवदं होती त्यातली बरीच त्यांच्या हातची, आणि ती सगळी एका पहाटेत खाली बसली.

त्यांना कोणी काही बोललं नाही. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढं लोकांनी मला विचारलंय की गावानं तुमच्या वडलांना काढलं का. गावानं काढलं नाही. एक बाई मात्र होती, तिची लेकरं गेली होती. ती आमच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन बसायची आणि वडलांच्या हातांकडं बघायची. बोलायची काही नाही. वडील हात काखेत धरून बसायचे. पुढं नवी गावठाणं उठली, सिमेंटची घरं बांधायला ठेकेदार आले, त्यांचे मिस्त्री बाहेरचे. वडील काम मागायला गेले नाहीत. लग्नाचं, तेराव्याचं बोलावणं यायचं, पण ते पंगतीला बसेनात. आई जाऊन तोंड दाखवून यायची.

शेवटी आम्ही नांदेडला आलो. जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं आमच्याच तालुक्याकडच्या एका माणसाची पिठाची गिरणी होती, तिथं वडील लागले. राहायला गिरणीच्या पाठीमागची खोली. पट्टा सुरू झाला की आमची भिंत थरथरायची. पहिले काही दिवस धाकटी बहीण गिरणी सुरू झाली की बाहेर पळायची, आणि आई तिला ओरडायची नाही. तिचाही एक पाय उंबऱ्याकडं असायचाच.

दहावीला मला चांगले मार्क पडले. गिरणीच्या मालकानंच पेढे वाटले आणि मालकच म्हणाला, आता पोराला लातूरला घाला. तेव्हा मराठवाड्यातल्या बापांचं असंच चाललं होतं. पोरगं एसटीत बसवायचं आणि लातूरनं त्याला डॉक्टर करून परत पाठवायचं. आम्ही वडलांना दादा म्हणतो. दादा मला सोडायला आले तेव्हा क्लासच्या दारात चपला काढून आत गेले. बाकीचे बाप चपला घालूनच फिरत होते. मी लाजलो, पण त्यांना घाला म्हणालो नाही.

क्लासमध्ये चार बॅचा होत्या, ए पासून डी. दर परीक्षेनंतर यादी लागायची आणि पोरं वरखाली व्हायची. ए बॅचला खालचा हॉल, कूलर, मोठे सर. डी बॅच गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायची आणि तिला शिकवायला गेल्या वर्षी मेडिकलला नंबर न लागलेली पोरं यायची. दहावीच्या मार्कांवर मला ए मिळाली होती. पण मी मराठीत शिकलेला, आणि इथं फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत. सर काय म्हणतात ते मला समजायला लागायचं तोवर ते पुढच्या गणितावर गेलेले असायचे. दिवाळीपर्यंत मी बी, सी करत डीमध्ये पोचलो. डोक्यावर पत्रे बघून आधी मला ओळखीचं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

डीमध्ये माझा खोलीतला जोडीदारही होता. हदगावकडचा. तो बोलताना "करून राहिलो", "जाऊन राहिलो" म्हणायचा, त्यावरून लातूरची पोरं त्याला चिडवायची. आपण काय करून राहिलो, असं त्याला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "नापास होऊन राहिलो." हॉकीचा गेम त्याला सापडला. आमच्या गल्लीत एक नेट कॅफे होता. कॅफेवाला उदगीरकडचा, बोलका माणूस. आम्ही त्याला पोरांचे अर्ज टाइप करून द्यायचो आणि त्याच्या बदल्यात तो दुपारी एक मशीन आम्हाला वापरू द्यायचा. त्याच्याकडं हैदराबादहून आलेल्या सीडींचा गठ्ठा होता. त्यातल्या एकीवर हॉकी लिहिलेलं बघून आम्ही ती घातली. नांदेडला मैदानावरचे हॉकीचे सामने मी भिंतीवर बसून बघितलेले होते, त्यामुळं मला वाटलं हे आपल्या ओळखीचं आहे.

सामना सुरू झाला तर मैदान पांढरं. कॅफेवाल्यानं मॉनिटरच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या, केबल हलवली. मैदान पांढरंच. मग हदगावकरानं मदतीचं पान वाचून सांगितलं, की हे बर्फावरचं हॉकी आहे. बर्फ आम्ही रसवंतीवर बघितलेला, भुशात गुंडाळून ठेवलेला. त्यावर माणसं पळतात हे आम्हाला पटायला दोन दिवस गेले.

त्यात आपण खेळायचं नसतं. आपण मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, लाइनी लावायच्या आणि सामना सुरू झाला की खेळाडूंच्या ठिपक्यांकडं बघत बसायचं. लाइन म्हणजे पुढं खेळणाऱ्या तिघांची तुकडी, डावा, मधला आणि उजवा. अशा चार लाइनी. एक लाइन बर्फावर उतरते, जीव काढून पळते, दमली की बाहेर येते आणि दुसरी उतरते. पहिली लाइन सगळ्यात जास्त वेळ खेळते, गोल तीच करते. चौथी उतरते ती मोठ्या लोकांनी श्वास घ्यावा म्हणून. तिनं तेवढा वेळ समोरच्यांना धडका द्यायच्या, धडका खायच्या आणि गोल होऊ द्यायचा नाही.

मी लाइनी लावल्या त्या आमच्या क्लाससारख्या. ज्यांना सगळ्यात जास्त गुण ते तिघं पहिल्या लाइनीत, त्याखालचे तिघं दुसऱ्या, असं खालपर्यंत. आम्ही हरत गेलो. पहिल्या लाइनीतले तिघंही गोल मारणारे होते. चकती, म्हणजे त्या खेळातला चेंडू, कोपऱ्यातून काढून आणायला कोणी जात नव्हतं. जोडीदार म्हणाला, "एकानं आणावं, एकानं द्यावं, एकानं मारावं. तू तर तीन नवरदेव उभे करून राहिला." मला ते पटलं, तरी लाइनी मी तशाच ठेवल्या. ए बॅचमध्ये डीचा माणूस बसवायला माझा हात धजत नव्हता.

त्या खेळाडूंची नावं आम्हाला म्हणता येत नव्हती. गेममध्ये नावं बदलता यायची, म्हणून मी आमच्या माणसांची नावं टाकली. पहिल्या लाइनीत गावच्या शाळेतले गुरुजी, तलाठी आणि बँकेत लागलेला एक गाववाला. दुसरीत दुकानदार. तिसरीत कॉलेजात जाणारे ओळखीचे. चौथीत रिक्षा चालवणारा माझा मामा, गिरणीवरचा हमाल आणि डाव्या बाजूला दादा. मी फार विचार करून लावलं नव्हतं. विचार न करता लावलं, हेच मला आज जास्त वाईट वाटतं. माझ्या डोक्यात माणसं आधीपासून अशीच लागलेली होती.

सामना बघताना मजा यायची. चौथी लाइन उतरली की कॅफेवाला ओरडायचा, "घे, मामा आले, धडक बसनार." आम्ही हसायचो. दादांच्या नावाचा ठिपका कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी धडकायचा आणि बाहेर यायचा. मीही हसायचो.

फेब्रुवारीत क्लासनं गिरणीच्या फोनवर निरोप दिला की पोरगं डीमध्ये आहे, येऊन भेटा. दादा पहाटेच्या गाडीनं निघून दुपारी लातुरात. मला काही कळवलेलं नाही. खोलीवर गेले तर तिथं जोडीदार. त्यानं सरळ सांगितलं की तो नेटवर बसलाय, आणि त्यांना कॅफेत घेऊनच आला. दादांच्या हातात पिठाची पिशवी होती. आमच्या मेसवालीचं पीठ जाड दळलेलं असतं असं मी एकदा बोललो होतो, म्हणून तिच्यासाठी बारीक दळून आणलेलं. भुवयांवरही पीठ होतं. शेजारच्या खणात ए बॅचची दोन पोरं बसली होती.

मी गेम बंद करायला गेलो. त्यानं मधे चौकट टाकली, बंद करण्याआधी जपून ठेवू का म्हणून. मी हो म्हणावं की नाही म्हणावं या घोळात असताना कॅफेवाला उठला.

"या मामा, बसा. तुमचं नाव हाय बघा यात."

"माझं नाव?" दादा खाली वाकले. "कुठं?"

"हे काय. परदेशातली हॉकीची टीम हाय. पोरानं लावली तुमच्या."

दादांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. कॅफेवाल्यानं बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. शेजारच्या खणातलं एक पोरगं वाकून म्हणालं, "चौथ्या लाइनीला हायत," आणि दुसरं हसलं.

दादांनी माझ्याकडं बघितलं. "चौथी म्हंजे रे?"

"एकामागं एक उतरत्यात, दादा," मी म्हणालो. "पहिली दमली की दुसरी, मंग तिसरी, मंग चौथी." यात खोटं काही नव्हतं.

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हंजे पंगतीवानी. पाव्हने आधी, घरचे शेवटी."

कॅफेवाला म्हणाला, "बराबर, मामा."

आमच्याकडं ज्याच्या घरचं कार्य असतं तो पहिल्या पंगतीला बसत नाही. पाव्हणे, मानाची माणसं आधी बसतात. घरधनी आणि वाढणारी माणसं सगळ्यांची पानं उठल्यावर शेवटच्या पंगतीला बसतात, आणि तिथं बसणं म्हणजे आपण घरचे असणं. दादा अशा पंगतीला बसून किती वर्षं झाली होती हे मला माहीत होतं. ते स्टुलावर बसले आणि पहिल्या लाइनीला कोण म्हणून विचारू लागले. मी नावं सांगितली.

"तलाठ्याला आधी बसवलास ते बरं केलास. मागं बसवलं की राग येतो त्याला."

सगळा कॅफे हसला. आपल्या बोलण्यावर हसले म्हणून दादाही हसले. मग आपल्या लाइनीत आणखी कोण ते विचारलं, आणि मामा नि हमाल ऐकल्यावर म्हणाले, "हमालाला बी घेतलास? गरीब मानूस हाय. लई चांगलं केलास." माझे कान तापले होते. ते लवकर उठावेत एवढंच मला वाटत होतं.

तिथून आम्ही क्लासमध्ये गेलो. सर भेटले नाहीत. ऑफिसात बसणाऱ्या माणसानं रजिस्टर उघडलं आणि माझी घसरण पहिल्यापासून सांगितली. दादा उभ्यानं ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, डी म्हणजे चौथी का. तो हो म्हणाला.

"मंग चौथीतल्या पोराचा डाक्टरला नंबर येत न्हाई का? शेवटच्या पंगतीला बी वाढत्यात की."

तो माणूस वाईट नव्हता. दिवसभर बापांशी बोलून कंटाळलेला असावा. रजिस्टर मिटत तो म्हणाला, "वाढत्यात की मामा. उरलं तर."

दादा "हं" म्हणाले. आम्ही खाली उतरायला लागलो. जिन्यात मधेच ते थांबले. मला वाटलं दम लागला.

"तलाठी पहिल्याला," ते म्हणाले.

मी एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग कठड्याकडं बघत राहिलो. त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर मी सांगणार होतो, पण काय सांगणार होतो ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. पिठाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उतरू लागले.

बसस्टँडवर चहा घेताना त्यांनी सांगितलं की ते मला न्यायलाच आले होते. गिरणीवर माणूस कमी होता, मालकानं जागा देऊ केली होती. खोली सोड, वळकटी बांध, एवढंच सांगायचं ठरवून ते घरून निघाले होते, आणि आईलाही तसं सांगून आले होते.

"मंग येऊ का?" मी विचारलं.

त्यांनी चहा संपवला. अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला जाणारी गाडी लागली होती.

"पुढली यादी लागंस्तोवर राहा," ते म्हणाले. "वर गेलास तर राहा. न्हाई गेलास तर लाजू नको, निघून ये. गिरनी हायच."

पीठ मेसवालीला आठवणीनं द्यायला सांगून ते गाडीत चढले. खिडकीशी बसले, पण माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या सीटच्या दांडीला धरलेले त्यांचे हात मला खालून दिसत होते. गाडी हलेपर्यंत मी तिथं उभा होतो आणि ती लवकर हलावी असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेलो आणि दादांना पहिल्या लाइनीत टाकलं. तलाठ्याला चौथीत. मामाला दुसरीत, हमालाला तिसरीत. जोडीदार म्हणाला, अरे काय करून राहिला, बुडवतो का? मी ऐकलं नाही. आम्ही हरलो. पुढचाही सामना हरलो. दादांचा ठिपका आता निम्मा सामना बर्फावर असायचा आणि त्याला चकती आवरायची नाही. समोरचे त्याच्याकडून काढून न्यायचे आणि गोल करायचे. मग स्क्रीनवर त्याच्या नावापुढं थकल्याची खूण यायला लागली. मी त्याला तरी खाली काढलं नाही. कॅफेवाला आता ओरडत नव्हता, हसतही नव्हता. एकदा हळूच म्हणाला, "बसू दे की रे त्यांला घटकाभर."

तो हंगाम संपायच्या आत गेममधल्या संचालक मंडळानं मला काढून टाकलं. तसा निरोपच आला, इंग्रजीत, फार सभ्य भाषेत. तो मला शब्दकोशाशिवाय समजला. काढून टाकलेल्या मॅनेजरला कुठल्या लाइनी लावता येत नाहीत. नवी टीम शोधा असं लिहून येत होतं. जोडीदार नवी टीम घेऊ म्हणाला, पण मी उठलो.

त्यानंतर मी अभ्यासाला बसलो, यात माझं मोठेपण काही नाही. दुपारची जागा गेली होती आणि यादी लागायला थोडेच आठवडे उरले होते. मी मराठी माध्यमाची जुनी विज्ञानाची पुस्तकं मिळवली. इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य आधी मराठीत समजून घ्यायचं, मग इंग्रजीत पाठ करायचं. डीला शिकवायला येणारा, नंबर न लागलेला पोरगा होता, त्याला मी मूर्खासारखे प्रश्न विचारायला लागलो. पत्र्याखाली लाजायचं कुणाला?

यादी लागली. मी सीमध्ये गेलो होतो. ए नाही, बी नाही, सी. गिरणीवर फोन केला. मालकानं दादांना बोलावलं. मागं पट्ट्याचा आवाज येत होता.

"सी म्हंजे कितवी?"

"तिसरी."

ते म्हणाले, "बरं. राहा."

उन्हाळ्यात घरी गेलो तर दळणाला आलेली एक म्हातारी मला म्हणाली, तुझा बाप परदेशात हॉकी खेळतो म्हणं. मी चमकलो. दादांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या पोरानं टीम केली, त्यात मला घेतलंय, शेवटच्या पंगतीला, घरच्या माणसांत. हमालालाही सांगितलं होतं, आणि तो माझ्याशी एकदम मानानं बोलायला लागला होता. लोक दादांना म्हणायचे, काय, आज उतरला न्हाईत का बर्फावर? दादा म्हणायचे, अजून पाव्हने जेवायलेत. आणि सगळे हसायचे.

चौथी म्हणजे घरची पंगत नव्हे, हे जिन्यात त्यांना कळलं होतं. मी समोर होतो, मी त्यांचं तोंड बघितलंय. कळूनही ते असं का सांगत होते, माझी लाज झाकत होते की स्वतःची, की त्यांना आपलाच अर्थ खरा धरायचा होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्यासमोर कुणी हॉकीचं काढलं की मी उठून आत जायचो. आजही लोक कौतुकानं तो विषय काढतात आणि मला मान वर करवत नाही.

बारावीला मेडिकलला लागतील एवढे मार्क मला पडले नाहीत. त्याची मात्र मला लाज वाटत नाही. मी सांगून टाकतो. मी बी बॅचपर्यंत चढलो आणि तिथं थांबलो. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा दादांनी गिरणीचं नाव काढलं नाही. पुढं काय शिकता येतं एवढंच विचारलं. मी नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर गिरणीवर, दादांच्या शेजारी. तीन वर्षांत एकही विषय मागं राहिला नाही. मग बी.एड. केलं. आता मी लोह्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो, आणि आईच्या व वडलांच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेला मी पहिला माणूस आहे.